मोरघराचा मागचा जिना

माझा नवरा देझो समोरच्या दारानं कुठं आत गेल्याचं मला आठवत नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा नोंदणी कचेरीत आम्ही मागच्या दारानं शिरलो, कारण तिथला शिपाई त्याच्या ओळखीचा होता. माझी आई फुलं घेऊन पुढच्या पायऱ्यांवर ताटकळत राहिली. ती आत पोचली तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या.

आमचा फ्रिज ओळखीनं आला. गाडीचे टायर ओळखीनं आले, अजून गाडी यायची आहे. दुकानात सरळ जाऊन मिळालेली वस्तू देझोला फुकट गेल्यासारखी वाटते. मी माको गावच्या कांदा-लसूण सहकारी संस्थेत हिशेब लिहिते आणि तो तिथंच गोदाम सांभाळतो, त्यामुळे त्याचा जमाखर्च मला तोंडपाठ आहे. कुणाला लसणाची माळ दिली, त्यानं कुणाचा दाढांचा डॉक्टर गाठून दिला, त्या डॉक्टरच्या मेव्हण्याचं छप्पर कुणी शाकारलं. या सगळ्याची बेरीज केली तर शेवटी देझोच देणेकरी निघतो. पण ही बेरीज मी त्याला कधी दाखवलेली नाही. माणसाला एखादं सुख असू द्यावं.

त्याची मोठी बहीण एतेल्का अगदी उलट. ती शाळेत चित्रकला शिकवते. रांग दिसली की तिला बरं वाटतं. आपला नंबर येणार, आपण आत जाणार, बाहेर येणार, कुणाचे आभार नकोत की उपकार नकोत. अशा बाईनं आयुष्यात एकच गोष्ट बघायची म्हणून मनात धरली होती, आणि ती नेमकी कुलपात होती.

बुडापेस्टच्या आठव्या वॉर्डात एक इमारत आहे, तिला लोक मोरघर म्हणतात. तिच्या मुख्य जिन्याला तीन मजले उंच रंगीत काचेची खिडकी आहे. खाली मोर, आणि त्याचा पिसारा वर पार छतापर्यंत. एतेल्काकडच्या पुस्तकात त्या खिडकीचा फोटो होता, पण काळा-पांढरा. दरवर्षी शरदात ती चौथीच्या पोरांना त्या मोराची रेघारेघांची आकृती द्यायची आणि रंग भरायला सांगायची. पोरं निळा भरत, हिरवा भरत, एका वर्षी सगळ्या वर्गाला जांभळ्याचं वेड लागलं होतं. ती गुण द्यायची. मग एखादं पोर विचारायचंच, "बाई, खरा रंग कोणता?"

"बघून येते आणि सांगते," ती म्हणायची.

हे ज्यांना म्हणाली त्यांची पोरं आता चौथीत आली. ती गेली नव्हती, कारण देझो दर वेळी म्हणायचा, "एकटी कशाला जातेस? दार बंद असतं, कुणी उघडणार नाही. मी लावतो ओळख." दार बंद असायचं हे खरं होतं. ओळख लागत नव्हती हेही खरं होतं.

या ऑक्टोबरात पेपरात बातमी आली. शनिवारी-रविवारी शहरातल्या काही जुन्या इमारती सगळ्यांसाठी उघड्या ठेवणार. तिकीट नको, चिठ्ठी नको. यादीत मोरघर होतं. आणि बातमीच्या शेवटी बारीक अक्षरात, सोमवारी मोराच्या काचा उतरवून दुरुस्तीसाठी खोक्यांत भरणार. परत कधी बसवणार ते लिहिलं नव्हतं. आमच्या देशात दुरुस्तीसाठी खोक्यात गेलेल्या वस्तूबद्दल जे लिहिलेलं नसतं, ते सगळ्यांना वाचता येतं. एतेल्का जूनमध्ये निवृत्त होणार होती.

"झालं तर," ती आमच्याकडे जेवताना म्हणाली. "शनिवारी सकाळच्या गाडीनं जाते, रांगेत उभी राहते आणि बघते."

देझोनं काटा खाली ठेवला. "रांगेत?"

"रांगेत."

"तू माझी बहीण आहेस, एतेल्का."

"म्हणून काय रांगेत उभं राहता येत नाही मला?"

"तसं नाही. पण लोक काय म्हणतील, हिचा भाऊ आहे की मेलाय?"

मग आठवडाभर तो गोदामाच्या फोनला चिकटलेला होता. शुक्रवारी घरी आला तो छाती काढून. त्याच्याबरोबर सैन्यात असलेल्या एकाच्या साडूचा मित्र, तिहामेर नावाचा, खुद्द मोरघरात राहतो. नुसता राहत नाही, तिथल्या रहिवासी कमिटीचा अध्यक्ष आहे. किल्ल्या त्याच्याकडे असतात.

"अरे पण दार उघडंच असणार आहे," मी म्हणाले.

"इल्मा," तो म्हणाला, "उघड्या दारातून कुणीही जातं."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं बुडापेस्टच्या न्युगाती स्टेशनवर उतरलो. देझोच्या पिशवीत लसणाच्या जाडजूड माळा होत्या, ओळखींसाठी. डब्यातले लोक वाटेतच दुसरीकडे जाऊन बसले होते. ट्रामनं मोरघरापाशी आलो तर ऊन लख्ख पडलेलं. रांग कोपऱ्यापर्यंत होती, पण चालती होती. दाराशी तपकिरी स्वेटर घातलेली एक बाई घडीच्या खुर्चीवर बसली होती आणि दहा-दहा माणसं आत सोडत होती. दहा बाहेर आली की पुढची दहा. इतकं सोपं काम आमच्या देशात मी क्वचित बघितलंय.

एतेल्का सरळ जाऊन रांगेच्या शेवटी, पेपर वाचणाऱ्या एका माणसामागे उभी राहिली. देझोनं तिचा कोपर धरला.

"चल. आपण या लोकांतले नाही."

"मी या लोकांतलीच आहे, देझो."

"तिहामेरला काय वाटेल? त्यानं शब्द दिलाय. दहाला समोरच्या एस्प्रेसो कॉफीघरात भेटतो म्हणालाय. आणि आपण त्याच्या डोळ्यांसमोर रांगेत? हा त्याचा अपमान आहे."

एतेल्काचं दुबळं ठिकाण तेच. ज्या माणसाला तिनं कधी पाहिलंही नाही त्यालासुद्धा तिला दुखवता येत नाही. ती रांगेतून बाहेर आली. तिच्यामागे एक जोडपं उभं होतं, ते लगेच पाऊलभर पुढं सरकलं.

एस्प्रेसोच्या काचेतून रांग दिसत होती. मी त्या पेपरवाल्या माणसावर नजर ठेवून बसले. एतेल्का रांगेत राहिली असती तर त्याच्यामागे असती, म्हणजे तो जिथं पोचला तिथं आपण पोचलो असं धरायचं. आमची पहिली कॉफी संपली तेव्हा तो निम्म्यावर होता. दुसरी संपली तेव्हा आत गेला. बाहेर आला तेव्हा पेपर काखेत चुरगळला होता आणि तो रस्त्यावर न बघता वर बघत चालला होता. ट्रामनं त्याला घंटा दिली.

एतेल्काही त्याच्याचकडे बघत होती. "आलो बघ आपण बाहेर," ती मला हळूच म्हणाली.

तिहामेर आला तेव्हा जेवायची वेळ होत आली होती. गोल पोट, भरघोस मिशी, वर जाकीट. "हात चुंबतो, बाई," तो जुन्या रीतीनं एतेल्काला म्हणाला, "हात चुंबतो," मला म्हणाला, आणि देझोला मिठीच मारली. ते दोघं आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते. उशीर झाला कारण कुणाचा तरी सोफा कुणाच्या तरी ट्रकमधून हलवायचा होता. त्यानं लसणाची माळ हातात तोलली, नाकाशी नेली आणि समाधानानं मान हलवली.

"मग जाऊ या का?" एतेल्का उठलीच.

"आत्ता?" तिहामेरनं मिशी पुसली. "आत्ता तर झुंबड आहे, बाई. लोकांच्या टकलांमधून काय दिसणार? सहाला बंद होतं. मग सगळा जिना आपला. मी माझ्या बाजूनं नेतो, मागच्या जिन्यानं. तिथनं कुणालाच सोडत नाहीत."

देझोनं आमच्याकडे बघितलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याचा चेहरा एवढा खुललेला मी पाहिला नव्हता.

"सहाला उजेड असेल का?" एतेल्कानं विचारलं.

"दिवा आहे ना जिन्यात," तिहामेर म्हणाला.

सहापर्यंतचा वेळ देझोनं आम्हांला शहर दाखवण्यात घालवला. एतेल्का मान वर करून चालत होती आणि देझो दारांवरच्या पाट्या वाचत होता.

"ती कमान बघ, इल्मा," एतेल्का म्हणायची. "दोन्ही सिंहांची तोंडं वेगळी आहेत. एक झोपेत आहे."

"हिच्याच तळमजल्यावर तो राहतो," देझो म्हणायचा, "ज्यानं आपल्याला कपडे धुवायचं मशीन मिळवून दिलं."

"आणि त्या छपराची कौलं. उन्हात मधासारखी दिसतात."

"तसली कौलं हवी असतील तर सांग. पेच शहरात माझा एक जण आहे."

नदीपलीकडच्या जुन्या स्नानगृहापाशी तिकीट खिडकी उघडी होती, समोर कुणी नव्हतं. आत घुमट आहे, निळ्या फरशा आहेत, खांब आहेत. देझोनं आम्हांला खिडकीपासून फरफटत बाजूच्या बोळात नेलं, कारण तिथला भट्टीवाला त्याच्या ओळखीचा निघाला. मग आम्ही बॉयलर पाहिला. भट्टीवाल्यानं प्रेमानं सगळं समजावून सांगितलं, कोणता नळ कुठं जातो, कोळसा कुठून येतो. बुडापेस्टला येणारा प्रत्येक माणूस तो घुमट बघतो. त्याच्याखालचा बॉयलर बघितलेले आम्हीच. एतेल्काच्या पांढऱ्या कॉलरला काजळी लागली. लसणाची एक माळ कमी झाली.

सहा वाजता आम्ही मोरघराच्या मागच्या बोळात होतो. बोळात वळताना पुढच्या दाराशी ती स्वेटरवाली बाई खुर्ची घडी करताना दिसली होती. तिहामेरनं किल्ल्यांचा घोस काढला, तो तुरुंगाचाही असू शकला असता. आधी त्यानं आम्हांला कोळशाचं तळघर दाखवलं, कारण ते वाटेत होतं. मग मागचा जिना, पूर्वी मोलकरणींसाठी होता तो. अरुंद, लोखंडी, भिंतीला रॉकेलचा वास. मग माळ्यावरची कपडे वाळवायची जागा. मग त्याचं स्वयंपाकघर, कारण घरावरून जाऊन फळांच्या दारूचा, पालिंकाचा, घोट न घेता पुढं जाणं बरं दिसत नाही. तिथं त्याची बायको होती, शेजारीण आली, परत एकदा ग्लास भरले. खिडकीतून दिसणारं आकाश आधी राखाडी झालं, मग शाईसारखं.

"तिहामेर," एतेल्का म्हणाली, "काच बघायची आहे ना आपल्याला?"

"चला की," तो म्हणाला, आणि एक दार उघडलं.

मुख्य जिना समोर होता. रुंद, थंड, उंच. तिहामेरनं बटण दाबलं आणि दिवा लागला. तीन मजले उंच खिडकी समोर होती आणि ती काळी होती. नुसत्या शिशाच्या रेघा दिसत होत्या, त्यात भिंतीवरच्या दिव्याचं आणि आमच्या चौघांचं प्रतिबिंब. देझोची टोपी, तिहामेरची मिशी, एतेल्काचे पांढरे केस. मोर त्या प्रतिबिंबामागे कुठंतरी होता.

एतेल्का खिडकीपाशी गेली. तिनं पिशवीतून पुस्तकातलं ते पान काढलं. घडी घालून आणलं होतं. खिडकीशेजारी धरलं. दोन्ही अगदी सारखी होती.

मिनिटभरानं दिवा आपोआप विझला, आमच्याकडच्या सगळ्या जिन्यांत विझतो तसा. तिहामेरनं अंधारातच खिशातली विजेरी काढून काचेवर मारली. एक पांढरा गोळा दिसला.

"अख्खा जिना," देझो अंधारात म्हणाला. "एक माणूस नाही. बाकीच्यांना असं बघायला मिळालंय का?"

"नाही," एतेल्का म्हणाली. "देझो, रंगीत काच दिवसा बघायची असते."

तिहामेरला वाईट वाटलं. खरंच वाटलं, माणूस वाईट नव्हता. "मग उद्या," तो म्हणाला. "उद्या दुपारी माझ्या मळ्यावर या. शहराबाहेर टेकडीवर छोटी झोपडी आहे माझी. कढईत मांसाचा गुल्याश शिजवू, खाऊ, आणि तीनपर्यंत परत येऊ. उजेडात दाखवतो. माझा शब्द."

आम्ही तोंड उघडायच्या आत देझोनं होय म्हटलं होतं.

रात्री आम्ही रेल्वेच्या कुणा ओळखीच्या विश्रांतिघरात झोपलो, झाडू आणि बादल्यांच्या शेजारी. सकाळी एतेल्का कोट घालूनच बसली होती.

"मी आत्ता जाऊन रांगेत उभी राहते," ती म्हणाली. "झालं की मळ्यावर येऊन मिळते."

"आणि तिहामेरच्या बायकोनं खिडकीतून पाहिलं तर? काल तिच्या हातची पालिंका प्यायलीस. आज तुला तिच्या नवऱ्याच्या शब्दावर भरवसा नाही, असं होईल."

"मला नाहीच आहे."

"हे तिला कळायला नको ना."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी खांदे उडवले. नवऱ्याची बाजू घेतली नाही, पण तिचीही घेतली नाही. ती मुकाट्यानं आमच्याबरोबर आली.

मळा छान होता. चार द्राक्षवेली, एक झोपडी, खाली दूरवर शहर. तिहामेरनं किल्ल्यांचा घोस झोपडीच्या खिळ्याला अडकवला, कमरेला फडकं बांधलं आणि तिपाईला कढई टांगली. सरपण ओलं होतं. धूर झाला, जाळ झाला नाही. मग देझोनं फुंकर घातली, मग तिहामेरनं फुंकर घातली, मग कुणी कशी फुंकर घालावी यावर दोघांचं बोलणं झालं. मांस टणक बैलाचं होतं. कसायाच्या ओळखीनं मिळालेलं. ओळख नसती तर बहुधा मऊ मिळालं असतं.

बारा वाजून गेले. एक वाजून गेला. तिहामेर झाकण उचलायचा, लाकडी डावानं एक तुकडा चाखायचा आणि म्हणायचा, "अजून थोडं."

"थोडं म्हणजे किती?" एतेल्कानं विचारलं.

"गुल्याशला घड्याळ नसतं, बाई. घाई केली की पपरिकाचं तिखट कडू होतं."

देझोनं ग्लास उंचावला. त्याला काळजी नव्हती. तो ओळखीच्या माणसाबरोबर, ओळखीच्या मांसासमोर, ओळखीनं मिळालेली वाइन पीत बसला होता. एतेल्का मात्र सूर्याकडे बघत होती. तो चेस्टनटच्या झाडावर होता, मग फांद्यांत आला, मग बुंध्याच्या बाजूला उतरायला लागला. तिहामेरनं पुन्हा झाकण उचललं. पुन्हा ठेवलं.

एतेल्का उठली. चमचा रिकाम्या ताटलीत नीट ठेवला, कोटाची बटणं लावली.

"कुठं?" देझो म्हणाला.

"बस थांब्यावर."

"जेवण सोडून? दहा मिनिटांत होतंय."

"मग खा."

ती वळून उताराला लागली. देझो माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला जरा समजाव." मी पिशवी उचलली आणि समजावायला गेले. थांब्यापर्यंत पोचले तेव्हा बस येत होती. समजावणं राहून गेलं.

रविवारची बस म्हणजे प्रत्येक थांब्यावर कुणीतरी उतरणार आणि मग आठवून परत चढणार. पुढं ट्राम. एतेल्का उभीच होती, दांडीला धरून, जणू तिच्या उभं राहण्यानं ट्राम लवकर जाणार होती. मोरघरापाशी आलो तेव्हा ऊन समोरच्या इमारतींच्या छपरांवरून तिरपं येत होतं. रांग होती, छोटी. आम्ही शेवटी उभ्या राहिलो. माझ्या मागं कुणी आलं नाही.

स्वेटरवाली बाई खुर्चीवरून उठली आणि बोटानं मोजायला लागली. "आता ही शेवटची खेप," ती म्हणाली. "उजेड जातोय." बोट एकेकाला शिवत आलं, एतेल्काशी पोचलं. "दहा." मग माझ्याकडे. ती जरा थांबली. "बरं, तुम्हीपण या. एकानं काय होतंय."

मी तिला काही म्हणणार, तेवढ्यात एक निळी त्राबांत गाडी खोकत येऊन फुटपाथला लागली. मळ्याच्या शेजाऱ्याची होती. आतून आधी तिहामेरचं पोट बाहेर आलं, मग देझो, हातात लसणाची शेवटची माळ.

"थांबा, थांबा," तिहामेर धापा टाकत आला. "कार्दोशबाई, या दोघी रांगेतल्या नाहीत. या माझ्या आहेत."

स्वेटरवाली कार्दोशबाई त्याच्याकडे वळली. त्या दोघांचं जुनं काहीतरी असावं, हे तिच्या मानेवरूनच कळलं.

"तुमच्या?" ती म्हणाली. "मग तुमच्या जिन्यानं न्या. कालही नेलीत ना कुणीतरी, अंधारात? खालपासून वरपर्यंत लसणाचा वास सुटला होता."

"नेतो की. पण आता..."

"कमिटीत ठराव कुणी केला, अध्यक्षसाहेब? कमिटीच्या ओळखीचे मागून, बाकीचे पुढून. पुढून ओळखीचा माणूस सोडायचा नाही, म्हणजे कुणी तक्रार करायला नको. तुमचीच सही आहे." मग तिनं एतेल्काकडे बोट केलं. "बाई, तुम्ही यांच्या का?"

रांगेतली नऊ माणसं वळून बघायला लागली. देझो हसत होता. आता आपली बहीण होय म्हणणार, तिहामेर शब्द टाकणार, आणि सगळं ओळखीनं सुरळीत होणार, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"मी या गृहस्थांना ओळखत नाही," एतेल्का म्हणाली.

तिहामेरची मिशी खाली आली.

"आणि ते?" कार्दोशबाईंनी देझोकडे बोट केलं. "लसूणवाले?"

एतेल्कानं भावाकडे नीट बघितलं, फळ्यावर कुणाचं चित्र टांगलंय ते बघते तसं.

"त्यांनाही नाही."

मग कार्दोशबाई माझ्याकडे वळल्या. मला एवढंच सुचलं की आम्ही दोघीही खोटं बोललो तर ते पचणार नाही. एकीनं खरं बोलायला हवं, म्हणजे दुसरीचं टिकेल. "मी ओळखते," मी म्हणाले. "दोघांनाही. दुर्दैवानं."

"मग तुम्ही बाहेर," कार्दोशबाई म्हणाल्या. दहाजण आत गेले आणि दार लागलं. ओकचं दार, त्यावर पितळेचा मोर, घासून घासून चोच झिजलेली. तेवढा मोर मी पाहिला.

आम्ही तिघं फुटपाथवर उभे राहिलो.

"ओळखत नाही म्हणाल्या," तिहामेर म्हणाला. "काल माझ्या टेबलाशी बसल्या होत्या."

"तिला लहानपणापासून तिरसटपणा आहे," देझो म्हणाला. मग जरा वेळानं, "मला नाही म्हणाली. सख्ख्या भावाला."

"हरकत नाही," तिहामेर सावरला. "चला, आपण मागून जाऊ. जिन्यावर त्यांना गाठू, अजून उजेड आहे." त्यानं जाकिटाचा एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग पँटचे दोन्ही. मग तो शहराच्या पलीकडच्या टेकडीकडे बघायला लागला.

"खिळ्याला," मी म्हणाले.

"खिळ्याला," तो म्हणाला.

मी आत जायला आले होते, हे तोवर कुणाच्या लक्षातही नव्हतं. अजूनही नसावं.

एतेल्का बाहेर आली ती सगळ्यांच्या शेवटी. कार्दोशबाईंनी तिला हाताला धरून पायरी उतरवली. तिनं नाक पुसलं, चष्मा काढला आणि डबीत ठेवला. वह्या तपासून संपल्या की ठेवते तसा. आम्ही तिघं बघत होतो. तिहामेरसुद्धा राग विसरून बघत होता.

"मग?" मी म्हणाले.

"एका मुलीनं बरोबर भरला होता," ती म्हणाली. "फार वर्षांपूर्वी. तोरोकांची शारोल्ता, मागच्या बाकावर बसायची. अगदी बरोबर, पिसाऱ्याच्या टोकापर्यंत. मी म्हणाले होते, असा मोर असतो का कुठं? पाचातले तीन गुण दिले." तिनं डबी पिशवीत टाकली. "आता ती लसूण-संस्थेच्या गेटवर असते ना, इल्मा? उद्या तिच्याकडे जायचंय मला."

"पण रंग कोणता?" देझो म्हणाला.

एतेल्का चालायला लागली होती.

न्युगाती स्टेशनवर गाडीला वेळ होता. ती डब्यात खिडकीशी जाऊन बसली. देझो तिच्यासमोर बसला आणि माकोच्या सोमवारच्या बाजारातल्या गिऱ्हाइकासारखा पुन्हापुन्हा तोच भाव विचारत राहिला. निळा का? हिरवा? जांभळा तर नसेल? अगं, मीच तुला इथं आणलं ना? माझ्याशिवाय तू आली असतीस का?

"शनिवारी सकाळी," ती म्हणाली, "अकराच्या आत बघून झाला असता."

"पण रंग?"

"कुणाच्या तरी ओळखीनं विचारून घे," एतेल्का म्हणाली आणि पेपर उघडला.

देझोनं यावर खरोखरच विचार केला. मग उठला, डब्यातून उतरला आणि फलाटाच्या टोकाशी असलेल्या फोनच्या खोक्याकडे धावत गेला. काचेतून तो दिसत होता, हात हलवत बोलताना, मान डोलावताना, मग नुसता ऐकताना. शिट्टी झाली तसा परत धावत आला.

"तिहामेर घरी पोचलाय," तो बसत म्हणाला.

"काय म्हणाला?" मी विचारलं. खरं सांगायचं तर मलाही हवं होतं.

"चाळीस वर्षं राहतोय तो तिथं. पण लहानपणापासून मागच्याच जिन्यानं ये-जा केलेली. त्याला काही नक्की सांगता येईना." देझोनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पाठ टेकली. गाडी हलली. "पण त्यानं शब्द दिलाय. तो कुणालातरी विचारून कळवणार आहे."